सिझरनंतर पहिला चहा कधी?

माझं सिझर दुपारी झालं, संध्याकाळी सासूबाई नौपाड्यातनं पेजेचा थर्मास घेऊन धावत आल्या तर नर्स म्हणाली गॅस पास झाल्याशिवाय काही द्यायचं नाही, मग काय, रात्रभर ओठांवर ओला कापूस फिरवत पडले आणि पेज नवऱ्याने संपवली.

हा नियम आता जुना झालाय. पाठीत इंजेक्शन देऊन सिझर झालं असेल आणि काही गुंतागुंत नसेल तर गॅसची वाट बघायची गरज नसते, नव्या गाइडलाइन्स तर 2 तासांतच नेहमीचं जेवण चालेल म्हणतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 4-6 तास थांबवतात, म्हणून ॲडमिट होतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. पूर्ण भूल दिली असेल, रक्त खूप गेलं असेल किंवा आतड्याला काही झालं असेल तर मात्र ते सांगतील तेच.

परवानगी मिळाली की पाठीला उशा लावून बसा, आधी दोन घोट कोमट पाणी. अर्धा तास मळमळलं नाही तर नारळपाणी किंवा चहा. मग पेज, मीठ आणि चमचाभर तूप घालून, चमच्या-चमच्यानेच, आणि खोकला आला तर टाक्यांवर उशी दाबून धरा (हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, डोळ्यांसमोर तारे चमकले!). पेज पचली की मऊ भात, मुगाचं वरण. कॅथेटर (लघवीची नळी) काढलं की वॉर्डात हळूहळू चकरा मारा, गॅस त्याने सुटतो. च्युइंगम चघळल्यानेही आतडी लवकर चालू होतात, खरंच.

उलट्या थांबत नाहीत, पोट टम्म फुगलंय, गॅसही सरत नाही, असं झालं तर खाणं बंद आणि लगेच नर्सला बोलवा. घरी गेला असाल तर सरळ हॉस्पिटल गाठा.

लाडवांची घाई नको. आईने जांभळी नाक्यावरनं हळीव, डिंक, खारीक सगळं आधीच आणून ठेवलेलं, मी तिसऱ्याच दिवशी दोन डिंकाचे लाडू हाणले आणि पुढे दोन दिवस संडासला बसताना रडले. पोट साफ व्हायला लागलं की रोज एक, बास. आणि बाळंतिणीने पाणी कमी प्यायचं असं कोणी म्हणालं तर हो हो म्हणा आणि बाटली भरून उशाशी ठेवा, अंगावर पाजताना तहान लागतेच. चहा प्या, पण लोहाच्या गोळीबरोबर नको, मधे तास-दोन तास जाऊ द्या.