पोर्टफोलिओसाठी हिरव्या पडद्याचा शॉट
व्हीएफएक्सच्या (सिनेमातल्या संगणकीय दृश्यपरिणामांच्या) पदवीसाठी पोर्टफोलिओ करताना आधी पार्श्वभूमी शूट करा, मग माणूस. वाईच्या गणपती घाटावर प्लेट, म्हणजे पार्श्वभूमीचा रिकामा शॉट, घेताना लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि उन्हाची दिशा वहीत टिपून ठेवा. घरी हिरव्या पडद्यासमोर हेच सगळं जुळवायचंय. खरी गोम इथेच आहे. घाटावर ऊन डावीकडून आणि चेहऱ्यावर उजेड उजवीकडून आला, तर संगणकावर कितीही सफाईने पडद्याचा हिरवा रंग काढून मागे घाट बसवा, शॉट खोटाच दिसतो.

माणूस पडद्यापासून 6-8 फूट पुढे उभा करा, नाहीतर केसांच्या कडांवर हिरवट झाक चढते. पडद्याला इस्त्री हवीच; सुरकुतीच्या सावलीत हिरवा बदलतो आणि तिथेच डाग राहतात. सेकंदाला 25 फ्रेम घेत असाल तर शटर 1/50 सेकंद ठेवा. साडीचा काठ हिरवा असेल तर पडदा निळा घ्या.