अमेरिका आडवी कापणारा खुनी, साताऱ्यात बसून कसा लिहायचा

आधीच सांगतो, हायवेनं अमेरिकाभर खून करत फिरणाऱ्या माणसाची कादंबरी लिहायला अमेरिकेचं तिकीट काढायची काही गरज नाही. अडचण वेगळीच आहे, आपल्याला अनोळखी असणं म्हणजे काय हेच नीट माहीत नसतं. पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत चालत गेलं तरी दोघंतिघं विचारणार, काय रे कुठं निघालास, आणि तू अमक्याचा धाकटा ना. असल्या गावात वाढलेला माणूस खुनी लिहायला बसला की त्याच्या खुन्यालापण प्रत्येक पेट्रोल पंपावर कोणीतरी गप्पा मारायला भेटतंय. या जातीच्या कादंबरीत असं चालत नाही. माणूस येतो, रोख पैसे देतो, झोपतो, निघून जातो आणि कुणी त्याला काही विचारत नाही. चाकू बिकू नंतर बघू, तो खून पचवून जातो ते या न विचारण्यामुळं.

म्हणून पहिलं काम, काळ ठरवा. आजचा काळ घेतला तर मोबाईल, कार्ड, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, तिसऱ्या चॅप्टरलाच गडी सापडतोय. 1956 ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या सहीनं इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या मोठ्या रस्त्यांचा कायदा झाला आणि 1985 ला एफबीआयनं राज्याराज्यातले खून एकमेकांशी ताडून बघायला व्हायकॅप नावाची यंत्रणा चालू केली, या दोन्हीच्या मधली वर्षं आपल्या कामाची, त्यातही सत्तरचं दशक, कारण रस्ते बरेचसे झालेत आणि पोलिसांच्या फायली मात्र आपापल्या कपाटात पडून आहेत. तिकडं शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा शेरीफ वेगळा, राज्याचे ट्रूपर आणखी वेगळे. आपण शिरवळच्या पुढं नीरेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो पण पोलीस महाराष्ट्राचेच राहतात, तिकडं राज्याची हद्द ओलांडली की खातं, कायदा, शिक्षासुद्धा बदलते.

मग रस्ता. एकच निवडा आणि त्याला चिकटून राहा, सगळी अमेरिका दाखवायच्या नादाला लागू नका, ते ट्रॅव्हल कंपनीवाल्यांचं काम. मी आय-80, म्हणजे 80 नंबरचा इंटरस्टेट सुचवेन. सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यू जर्सीपर्यंत साधारण 2,900 मैल, म्हणजे 4,600 किलोमीटरच्या वर, आपला श्रीनगर ते कन्याकुमारी महामार्गसुद्धा 3,700 च्या आसपास भरतो. आता यातली गंमत बघा. तिकडच्या बहुतेक राज्यात मैलाचे आकडे पश्चिमेच्या हद्दीपासून मोजतात आणि राज्य बदललं की परत नवीन मोजणी. म्हणजे तुमचा खुनी पूर्वेकडून पश्चिमेला निघाला तर आकडे उतरत जाणार. नेब्रास्कात शिरताना 455, मग 400, 312, 178, असं करत शून्य, आणि लगेच वायोमिंगचा 402. चॅप्टरला नावं द्यायचीच गरज नाही, हे आकडेच टाका. वाचणाऱ्याला आपोआप कळतं की शून्याच्या आत काहीतरी होणार, आणि एखाद्या राज्यात काहीच झालं नाही तर तो जास्तच टरकतो.

याच नेब्रास्काच्या पश्चिम भागात घड्याळ एक तास मागं जातं, राज्य तेच, वेळ वेगळी. पंपाच्या पावतीवरची वेळ आणि मोटेलच्या रजिस्टरमधली वेळ यात तो तास कुठंतरी अडकवून ठेवा, दोनशे पानांनी कामाला येतो.

आता मेन मुद्दा, मरणारी माणसं. नवीन लेखक इथंच घसरतात. खुनी एकदम हुशार, बुद्धिबळ खेळणारा, क्लासिकल ऐकणारा, आणि मेलेली बाई म्हणजे नुसतं एक नाव. खऱ्या केसेस बघा. 2004 ला ओक्लाहोमाच्या तपास खात्याच्या लक्षात आलं की आय-40 च्या पट्ट्यात ओक्लाहोमा, टेक्सास, अर्कान्सॉ, मिसिसिपी अशा राज्यांत बायकांची प्रेतं सापडतायत, त्यावरून एफबीआयनं हायवेवरच्या खुनांसाठी वेगळं काम सुरू केलं. त्यातल्या बऱ्याच जणी ट्रकस्टॉपवर धंदा करणाऱ्या, घर सुटलेल्या, नशेत अडकलेल्या. म्हणजे मारणाऱ्याची अक्कल एवढीच की जिच्यामागं विचारणारं कुणी नाही ती निवडायची. तेव्हा प्रत्येकीला निदान दोन पानं तिची स्वतःची द्या, खुनी यायच्या आधीची, ती कुणाला फोन लावायचा म्हणून सुट्टे पैसे जमवत होती वगैरे. आणि खून लिहिताना रक्ताची बादली ओतू नका, पान उलटलं की खुनी पुढच्या गावात नाश्ता करतोय एवढं पुरतं.

आणि मधे कुठंतरी एक विचारणारं माणूस आणा. तिकडच्या मोटेलच्या धंद्यात सत्तरच्या दशकात गुजराती पटेल मंडळी शिरली होती, तेव्हा काउंटरवर एक पटेल काकी बसवणं अजिबात ओढूनताणून वाटत नाही. ती रजिस्टर पुढं सरकवते आणि सहज विचारते, कुठून आलास बेटा, जेवलास का, हाताला काय लागलंय. सगळ्या पुस्तकात त्याला पहिल्यांदा घाम फुटतो तो इथं. हा सीन आपण अमेरिकन लेखकापेक्षा चांगला लिहू, पैज लावा.

सरावासाठी लांब जाऊ नका. आनेवाडी टोलनाक्याच्या आसपास हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात रात्री अकरानंतर चहा घेऊन बसा आणि मोबाईल खिशात ठेवा. ट्रकवाला उतरतो, बाटलीतलं पाणी तोंडावर मारतो, मग टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा घेऊन एकेका टायरवर ठोका मारत ट्रकला फेरी घालतो, आवाज बद्द आला की थांबतो, वाकतो, परत मारतो. तिकडचे ट्रकवालेपण अशाच कामाला आखूड लाकडी दांडकं ठेवतात. गाडीत ते दिसलं तर कुठला पोलीस काय म्हणणार? झालं, हत्याराचा प्रश्न मिटला. घरी येऊन तोच माणूस दोनदा लिहा, एकदा चहावाल्याच्या नजरेतनं, एकदा त्याच्याच डोक्यातनं, जे व्हर्जन वाचताना तुम्हालाच नको वाटेल ते कादंबरीचं निवेदन.

शेवटाला हुशार डिटेक्टिव्ह नको. तिकडचा खराखुरा सिरियल किलर टेड बंडी वॉशिंग्टन, युटा, कोलोरॅडो, फ्लोरिडा एवढं फिरला आणि 1975 ला युटात, 1978 ला फ्लोरिडात, दोन्ही वेळा गस्तीवरच्या साध्या पोलिसानं गाडी थांबवली म्हणून सापडला. तुमच्यापण खुन्याचा एखादा टेललाईट पन्नासाव्या पानावरच फोडून ठेवा, आणि नंतर त्याचं नावसुद्धा काढू नका.