इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी कशी जपावी: इन्व्हर्टरच्या सवयी इथे नकोत

घरात इन्व्हर्टर असला की बॅटरी कायम फुल ठेवायची, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जुन्या मोबाइलच्या काळातला दुसरा सल्लाही अजून ऐकू येतो: पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा. तो निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होता. स्कूटर दारात आली की आपण नकळत तिलाही हेच नियम लावतो आणि तिथेच चुकतो. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक उष्णता, दुसरी म्हणजे फार भरलेलं किंवा फार रिकामं पडून राहणं. मे महिन्यात अकोल्यात पत्र्याच्या शेडखाली शंभर टक्के भरून दिवसभर उभी असलेली स्कूटर दोन्ही एकदम भोगते.

१. आधी लेबल वाचा. स्वस्त स्कूटरमध्ये अजूनही लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या मिळतात, १२ व्होल्टच्या चार किंवा पाच. तुमची तशी असेल तर इन्व्हर्टरचाच नियम चालेल: रोज पूर्ण भरा, उतरलेली ठेवू नका. लिथियममध्येही मुख्यतः दोन जाती आहेत, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) आणि एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेटची). लेबलवर नसेल तर मॅन्युअल पाहा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. पुढचं सगळं यावर ठरतं.

२. घरी आल्याआल्या प्लग लावू नका. घाट चढून किंवा डबलसीट आल्यावर बॅटरीचा पॅक तापलेला असतो आणि चार्जिंगने तो आणखी तापतो. अर्धा-पाऊण तास सावलीत जाऊ द्या. चहा घ्या, भाजी आणायची असेल तर पायी जाऊन आणा.

३. रोजच्या वापराला २० ते ८० टक्के पुरे. ऑफिस १२ किलोमीटरवर असताना रोज १०० टक्के कशाला? एनएमसीचा सेल, म्हणजे पॅकमधला एकेक छोटा घटक, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर असतो. त्या ताणाखाली तो जितका वेळ राहील, तितका लवकर म्हातारा होतो. लांब जायचं असेल तर खुशाल १०० करा, फक्त निघण्याच्या थोडं आधी. रात्री दहाला भरून सकाळी नऊपर्यंत तशीच ठेवू नका.

एलएफपीवाल्यांनी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण भरावी. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास हलतच नाही, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा, अंदाज हळूहळू चुकत जातो. मग ३० टक्के दाखवणारी स्कूटर अचानक रस्त्यातच मान टाकते.

४. चार्जर स्कूटरसोबत आलेलाच वापरा. ‘तेवढ्याच व्होल्टचा आहे’ म्हणून बाजारातून आणलेला नको. सॉकेट १६ अ‍ॅम्पिअरचं आणि अर्थिंग असलेलं हवं. मी पहिले दोन महिने खिडकीतून खाली सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर काम भागवलं. एके दिवशी प्लग काढताना हात भाजला; बोर्डाचं प्लास्टिक वितळायला आलं होतं. त्याच आठवड्यात वायरमनला बोलावलं.

५. काढता येणारी बॅटरी घरात आणत असाल तर हे नीट वाचा. सप्टेंबर २०२२मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्या वर्षीच्या ई-स्कूटरच्या आगींनंतर बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं, डिसेंबर २०२२पासून टप्प्याटप्प्याने लागूही झालं. तरी खबरदारी आपली आपणच घ्यायची. सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको. दारापाशी किंवा जिन्यात तर मुळीच नको, कारण आग लागलीच तर बाहेर पडायची वाट तीच असते. गादी, पडदे, गॅस सिलिंडर यांपासून लांब, मोकळ्या फरशीवर ठेवा.

६. पावसाळा. बॅटरीच्या माहितीत दिलेलं आयपी६७ हे पाणी-धुळीपासून बचावाचं रेटिंग म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग, तेही नव्या रबरी सीलसह. तुंबलेल्या पाण्यातून रोज जाण्याचा तो परवाना नव्हे. प्रेशर वॉशरची धार बॅटरीवर आणि चार्जिंग पोर्टवर मारू देऊ नका. पोर्ट ओला असेल तर कोरड्या फडक्याने पुसून, वाळल्यावरच प्लग लावा.

७. गणपतीला गावी किंवा सुट्टीत महिनाभर बाहेर जाताना बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा. स्कूटर बंद असली तरी तिची सर्किटं थोडी वीज खातच असतात. शून्याजवळ सोडून गेलात तर परत आल्यावर बीएमएस चार्जिंग घ्यायलाच नकार देऊ शकतो. जास्त दिवस असतील तर शेजाऱ्याला सांगून महिन्यातून एकदा पाहून घ्या.

८. पॅक फुगलेला दिसला, गोडसर किंवा थिनरसारखा वास आला, किंवा चार्जिंग करताना हात लावता येणार नाही इतका तापला, तर वापर तिथेच थांबवा. हात लावण्यासारखा असेल तरच उघड्यावर न्या आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा. गल्लीतल्या मेकॅनिकला ‘एक सेल बदलून दे’ म्हणू नका. धूर निघू लागला तर बॅटरी वाचवायला जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा.

संपलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेतानाच डीलरला जुनीचं विचारा, आणि नेताना टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा.