एकटे गाडी घेऊन तळ्यांच्या वाटेने जाताना

गोव्याहून एकट्याने लांब जायचं असेल, तर पत्रादेवीने बाहेर पडून सावंतवाडीचा मोती तलाव, मग कणकवलीहून फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरीचं पाणी आणि कोल्हापूरचा रंकाळा हा रस्ता जरूर करा. परतताना निपाणी, बेळगाव, चोर्ला घाट. तीन राज्यांचा फेरा होतो.

सीमेवर गाडी अडवली जाते ती बहुधा दारूसाठी. गोव्यात घेतलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात नेणं हा गुन्हा आहे, मग ती अर्धी प्यालेली का असेना. मित्राने ‘एवढी एक पोचव रे’ म्हटलं तरी सरळ नाही म्हणा. एकटे असताना चौकीवर अडकलात तर धावपळ करायला सोबत कुणी नसतं. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण घाटात रेंज जाते, म्हणून मूळ कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवाच.

दाजीपूरचा पट्टा मात्र दुपारीच पार करा. हे गव्यांचं अभयारण्य आहे. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी, पण तिन्हीसांजेला वळणावर समोर आला की काळं अंग अंधारात दिसतच नाही. दिसला तर थांबा, हॉर्न वाजवू नका, अप्पर (दिव्यांचा वरचा प्रखर झोत) मारू नका. एक गवा रस्ता ओलांडून गेला तरी लगेच निघू नका, मागून कळप येत असतो.

चोर्ल्यात पावसाळ्यात धुकं दाटतं, तेव्हा बेळगाव दुपारच्या जेवणानंतर लगेच सोडा. टाकी तिथेच भरा आणि जांबोटीला पोचलात की घरी फोन करून घ्या, पुढे थेट गोव्यातल्या केरीला उतरेपर्यंत रेंजचा भरवसा नाही.