पोराकडे नेहमी अमेरिकेला जाता? मग तिथं खातं उघडायच्या आधी गावातले कागद नीट करा

आमच्या दारव्हा तालुक्यातली बरीच पोरं आता बाहेर आहेत, आणि सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला की आपण आईबाप त्यांच्याकडे जातो. मी आणि आमची मंडळी आतापर्यंत चारदा अमेरिकेला जाऊन आलो. दर वेळी भाजी, औषध, सगळं पोराच्याच कार्डावर, ते मनाला बरं वाटत नव्हतं, म्हणून तिसऱ्या खेपेला तिथं खातं उघडलं.

आधी एक सांगतो, दोन-तीन वर्षांतून एकदा महिनाभर जात असाल तर खात्याच्या भानगडीत पडू नका, इथल्या बँकेचं फॉरेक्स कार्ड (आधीच डॉलर भरून नेता येतात ते कार्ड) घ्या, वरून एका खेपेला ३००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, तेवढं पुरतं. दरवर्षी चार-पाच महिने राहणं असेल तरच पुढचं वाचा.

टुरिस्ट व्हिसावर खातं उघडता येतं. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथल्या सरकारचा ओळख नंबर, आपल्याकडे नाही म्हणून ऑनलाइन फॉर्म बहुतेक ठिकाणी पुढेच सरकत नाही, पण तिथल्या कायद्यात परदेशी माणसाचा पासपोर्ट नंबर चालतो. तरी प्रत्येक बँकेचा आपला नियम असतो, म्हणून पोराला आधी ब्रँचमध्ये फोन करून विचारायला लावा आणि मग स्वतः जा.

आता कागद. खरी मेहनत इथंच आहे भाऊ. आधार तिथं कोणी पाहत नाही. गावचा पत्ता दाखवायला मी लाइट बिल नेलं होतं, ते मराठीत आणि वर नाव माझ्या वारलेल्या बाबांचं. समोरच्या बाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. कॉम्प्युटरमध्ये घर नंबर आणि रस्ता टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना, आणि आपला पत्ता म्हणजे मुक्काम पोस्ट अमुक, तालुका दारव्हा, एवढाच. त्या दिवशी हात हलवत परत आलो. पुढच्या वर्षी जायच्या आधी ग्रामपंचायतीच्या घरटॅक्स पावतीवरचा घर क्रमांक घेतला, तोच पत्ता इथल्या बँकेत लावला, आणि इंग्रजीतलं स्टेटमेंट शिक्का मारून सोबत नेलं. काम अर्ध्या तासात झालं. नावाचंही तसंच, पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असते आणि पॅनवर स्पेलिंग वेगळं निघते, ते इथूनच सारखं करून घ्या. सही पासपोर्टवर मराठीत असेल तर तिथंही मराठीतच करा, कोणी काही म्हणत नाही.

डब्ल्यू-एट बेन नावाचा फॉर्म भरून घेतात, तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही हे सांगायला. त्यात आपला पॅन टाकायचा. हा फॉर्म सही केल्याच्या वर्षानंतर तीन वर्षं चालतो, मग नवा द्यावा लागतो. डेबिट कार्ड पोराच्या पत्त्यावर पोस्टानं येते, म्हणून गेल्या गेल्या खातं उघडा, परतीच्या आठवड्यात नका.

ओटीपीचं काऊन सांगतो तर, इकडे आल्यावर तो तिकडच्याच नंबरवर जातो आणि आपण शेतात. ईमेलवर किंवा बँकेच्या ॲपमध्ये येईल अशी सोय तिथं असतानाच करून घ्या.

इथून पैसे पाठवायला बँकेत ए-टू फॉर्म (पैसा बाहेर पाठवायचा अर्ज) आणि पॅन लागतो. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला कुठं लागते, पण वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच घेते तो कर, कापतात, इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये तो परत मागता येतो. आणि पाठवलेला पैसा न वापरता पडून राहिला तर १८० दिवसांत परत आणायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून खर्चापुरताच पाठवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच आपल्याला कोणी सांगत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्यातल्या कितीकांनी जन्मात रिटर्न भरलेलं नसते. पण भारतात राहणाऱ्या माणसाचं बाहेर खातं असलं की उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरावंच लागते. रिटर्नचा आयटीआर-वन फॉर्म चालत नाही, टू किंवा थ्री लागतो, आणि त्यातल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे बाहेरच्या मालमत्तेच्या तक्त्यात, खातं दाखवायचं. पोरानं प्रेमानं आईचं नाव त्याच्या खात्यात जोडलं असेल तर आईलाही दाखवावं लागते, हे ताईंनो नीट लक्षात ठेवा. लपवलं तर दंड १० लाखांचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरची घरजमीन सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट आहे, पण रिटर्नमध्ये दाखवणं चुकत नाही. माहिती दोन्ही देशांची सरकारं एकमेकांना देतातच.

त्या शेड्यूलमध्ये हिशोब जानेवारी ते डिसेंबर धरतात, आपल्या मार्च एंडिंगचा नाही. वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक आणि मिळालेलं व्याज, हे आकडे लागतात. आपण तिथले करदाते ठरत नसलो तर अमेरिकेत त्या व्याजावर कर नाही, इथं मात्र ते उत्पन्नात धरतात.

खातं वर्षानुवर्षं पडून ठेवू नका, महिन्याचा चार्ज कापला जातो आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत तीन ते पाच वर्षं हालचाल नसली की पैसा राज्य सरकारकडे जमा होतो. मी दर खेपेला त्या कार्डावर दूध-ब्रेड तरी घेतोच, आणि जानेवारी लागला की पोराकडून वर्षाचं स्टेटमेंट मागवून यवतमाळच्या सीएकडे ठेवून येतो.