रेड-ब्लॅक डिक्शनरीच्या टेस्ट लिहायला बसण्याआधी

हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत रेड-ब्लॅक ट्रीवर (तोल राखण्यासाठी प्रत्येक नोडला लाल किंवा काळा रंग दिलेल्या ट्रीवर) बांधलेली डिक्शनरी, म्हणजे की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा, दोन तऱ्हांनी चुकते. एका तऱ्हेत कीला भलतीच व्हॅल्यू मिळते किंवा काहीच मिळत नाही. दुसरीत उत्तरं सगळी बरोबर येतात, पण ट्री आतून बिघडलेला असतो. दुसऱ्या चुकीला लुकअपच्या शंभर टेस्टही पकडत नाहीत. म्हणून टेस्टच्या फाइलमध्ये सुरुवातीपासूनच दोन गट वेगळे ठेवा: एक आतल्या मालाचा, दुसरा ट्रीच्या बांधणीचा.

बांधणी तपासायला ट्रीच्या पोटात शिरावं लागतं, आणि चांगलं मॉड्यूल आपले कन्स्ट्रक्टर (नोड थेट बनवण्याची साधनं) बाहेर देत नाही. त्यासाठी कोडचे दोन भाग करा. सगळं उघडं असलेलं मॉड्यूल ‘इंटर्नल’ नावाने ठेवा आणि त्यातलं मोजकंच पुढे देणारं दुसरं मॉड्यूल वापरणाऱ्यांसाठी. टेस्ट पहिल्याला हाक मारतील. मग वैधता तपासणारं फंक्शन लिहा. कीज चढत्या क्रमात आहेत, लाल नोडखाली लाल नोड नाही, आणि मुळापासून पानापर्यंतच्या प्रत्येक वाटेवर काळे नोड सारखेच आहेत, हे तीन नियम त्यात हवेत. नुसतं खरं-खोटं परत करण्यापेक्षा प्रत्येक उपट्रीची काळी उंची (पानापर्यंतच्या वाटेवरचे काळे नोड) परत करा, म्हणजे एकाच फेरीत काम होतं आणि नेमकं कुठे बिनसलं तेही कळतं.

ट्रीच्या टाइपवर कंपायलरने आपोआप बनवलेली समानता घेतली आहे का, हे आताच बघून घ्या. संगणकशास्त्रज्ञ ख्रिस ओकासाकी यांच्या पद्धतीने 1, 2, 3 या क्रमाने इन्सर्ट केलं तर तिन्ही नोड काळे होतात. 2, 1, 3 या क्रमाने केलं तर वर काळा 2 आणि खाली लाल 1 व लाल 3. माल तोच, आकारही तोच, फरक फक्त रंगाचा. तरी आयती समानता ‘वेगळे’ असंच सांगणार. समानता टू-लिस्टवर (सगळ्या जोड्या कीच्या क्रमाने यादीत देणाऱ्या फंक्शनवर) बेतून हाताने लिहा, नाहीतर निर्दोष कोडच्या टेस्ट पडत राहतील.

हाताने लिहायच्या टेस्ट थोड्याच, पण नेमक्या असाव्यात. रिकामी डिक्शनरी, एकच की, तीच की दोनदा, नसलेली की डिलीट करणं, हे उरकून घ्या. त्यानंतर तीन कीजचे सहाही क्रम घ्या. ख्रिस ओकासाकी यांच्या इन्सर्टमध्ये तोल सावरण्याच्या चार केस आहेत. 3-2-1, 3-1-2, 1-3-2 आणि 1-2-3 हे चार क्रम त्यातली एकेक केस वापरतात; उरलेल्या दोन क्रमांत तोल जातच नाही. इतक्या छोट्या टेस्टमध्ये इतकं काम क्वचितच होतं.

डिलीटसाठी मात्र तीन कीज पुरत नाहीत. 1 ते 5 चढत्या क्रमाने घातले, तर मुळाशी काळा 2, डावीकडे काळा 1, उजवीकडे लाल 4 आणि त्याच्याखाली काळे 3 व 5 असा ट्री तयार होतो. यातून 1 काढला तर डावीकडे एक काळा नोड कमी पडतो आणि भावंड लाल असतं. डिलीट फसतं ते बहुधा इथेच. ही टेस्ट नावानिशी लिहा. शिवाय सात कीजचे सगळे 5040 क्रम घेऊन प्रत्येकातून एकेक की काढून बघा. 35,280 ट्री तपासायला कॉम्प्युटरला फार वेळ लागत नाही.

रँडम टेस्टसाठी क्विकचेक ही लायब्ररी घ्या. तिला ‘प्रॉपर्टी’, म्हणजे कुठल्याही इनपुटला खरा ठरायला हवा असा नियम, द्यायचा असतो. टाइप न सांगता प्रॉपर्टी जीएचसीआय या हॅस्केलच्या कन्सोलमध्ये चालवली, तर की म्हणून रिकामा टपल धरला जातो. सगळ्या कीज एकच, आणि टेस्ट हसतखेळत पास. म्हणून टाइप लिहाच. कीज 0 ते 20 मधूनच निवडा. 30 वेळा इन्सर्ट केल्यावर सरासरी 16 वेगळ्या कीज उरतात, त्यामुळे लुकअप आणि डिलीट कधी लागतात, कधी हुकतात. दोन्ही हवंच. मोठी रेंज दिली तर डिलीट जवळपास नेहमी हुकतं आणि त्या कोडला कुणी हातच लावत नाही. किती वेळा की सापडली याची टक्केवारी ‘कव्हर’ने मोजा, पण त्यासोबत ‘चेक-कव्हरेज’ही लावा, एकटा ‘कव्हर’ नुसती सूचना देऊन गप्प बसतो.

ट्री थेट कन्स्ट्रक्टरने बनवू नका. इन्सर्ट-डिलीटची यादी रँडम बनवा, ती चालवून ट्री मिळवा आणि टेस्ट पडली की क्विकचेकला यादीच आखडू द्या (श्रिंक), म्हणजे चूक दाखवणारी छोटी यादी उरते. ट्री कापून लहान केला तर नियम मोडलेला ट्री हाती येतो आणि बग कोडचा का श्रिंकचा, हे शोधण्यात दुपार जाते.

डिक्शनरीची उत्तरं पडताळायला की-व्हॅल्यू जोड्यांची साधी यादी पुरते. फक्त एक गोम लक्षात ठेवा: यादीवरचा लुकअप पहिली जोडी देतो, तर फ्रॉम-लिस्टमध्ये (यादीतून डिक्शनरी बनवताना) रूढ नियमाने शेवटची व्हॅल्यू टिकते. यादी उलटी करून घ्या.

इन्सर्ट-विथ (की आधीच असली तर नवी आणि जुनी व्हॅल्यू दिलेल्या फंक्शनने जोडणारं इन्सर्ट) कधीही बेरजेने तपासू नका. नवी व्हॅल्यू आधी का जुनी, हे बेरजेत लपतं. स्ट्रिंग जोडून बघा म्हणजे उघडं पडतं. दोन डिक्शनऱ्या एकत्र करणाऱ्या युनियनमध्येही दोन्ही बाजूंना तीच की आणि वेगळ्या व्हॅल्यूज द्या. व्हॅल्यूचं गणित लगेच करणारी स्ट्रिक्ट आवृत्ती लिहिली असेल, तर ‘अनडिफाइन्ड’ (वापरताच एरर देणारी व्हॅल्यू) घालून ती तिथल्या तिथे फुटते ना, हे पाहा. नुसती साइझ मोजणाऱ्या टेस्टला हे कधीच दिसत नाही. जुनी आवृत्ती बदलली नाही ना, अशी टेस्ट मात्र शुद्ध हॅस्केल कोडला लिहिण्यात अर्थ नाही. आत बदलता ॲरे वापरला असेल तरच ती लिहा.

उंचीचीही एक टेस्ट ठेवा: 1000 कीज चढत्या क्रमाने घातल्या तर उंची 19 च्या वर जाता कामा नये.

सगळं हिरवं झालं की कोड मुद्दाम मोडा. तोलाच्या चारपैकी 3-1-2 वाली केस काढून टाका. मालाच्या टेस्ट बहुधा पासच राहतील, सहा क्रमांतला तो एकच पडेल आणि रँडम गटात वैधतेची प्रॉपर्टी पडेल. मग तुलनेचं चिन्ह उलटं करा, डिलीटमधली लाल भावंडाची केस गाळा, युनियनच्या बाजू बदला. प्रत्येक मोडतोडीला निदान एक टेस्ट पडलीच पाहिजे. रँडम टेस्टने खरा बग पकडला, तर सीडच्या (रँडम टेस्ट पुन्हा तशीच काढण्यासाठीच्या आकड्याच्या) भरवशावर राहू नका. आखडलेली यादी उचलून नेहमीच्या टेस्टमध्ये टाका, कारण जनरेटर बदलला की तोच सीड दुसरंच काहीतरी काढतो.