पासकी घेण्यापूर्वी खाते परत मिळवण्याची वाट बांधून घ्या

पासवर्डऐवजी पासकी, म्हणजे आपल्या फोनमध्ये किंवा संगणकात राहणारी लॉगिनची डिजिटल किल्ली, वापरावी असे आता अनेक सेवा सुचवतात, आणि ती सूचना मानण्यासारखी आहे असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याआधी एक काम उरकावे लागते, ज्याबद्दल ती सूचना सहसा काही सांगत नाही. फोन हरवला किंवा पासवर्ड आठवला नाही, तर आपले खाते कोणकोणत्या मार्गांनी परत मिळू शकते हे शोधून त्या मार्गांचा बंदोबस्त करणे, हे ते काम होय. पुढच्या दाराला कितीही भक्कम कुलूप घातले, तरी ‘पासवर्ड विसरलात का?’ हे दार ढकलताच उघडत असेल तर त्या कुलपाचा उपयोग नाही.

अमेरिकी पत्रकार मॅट होनन यांना याचा अनुभव ऑगस्ट २०१२ मध्ये आला. हल्लेखोरांनी त्यांचा पासवर्ड फोडला नव्हता. त्यांनी अ‍ॅमेझॉनच्या ग्राहकसेवेला फोन करून तेथील खात्यात शिरकाव केला आणि तिथे दिसणारे क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार अंक टिपून घेतले. ते अंक आणि पत्ता एवढी ओळख तेव्हा अ‍ॅपलच्या ग्राहकसेवेला पुरली. मग अ‍ॅपलच्या मेलवरून जीमेल आणि तिथून ट्विटर अशी खाती एकामागून एक गेली. त्यांचा फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप दुरूनच पुसले गेले, आणि मुलीच्या पहिल्या वर्षाच्या ज्या छायाचित्रांची दुसरी प्रत नव्हती ती याच लॅपटॉपवर होती.

म्हणून सुरुवात कोऱ्या कागदाने करा. आपली महत्त्वाची खाती त्यावर लिहा आणि प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलण्याचा दुवा कुठे येतो, त्या दिशेने बाण काढा. बहुतेक बाण एकाच ईमेलकडे किंवा एकाच मोबाइल क्रमांकाकडे वळलेले दिसतील, आणि सर्वांत आधी सुरक्षित करायच्या त्याच दोन गोष्टी आहेत.

ईमेलच्या सेटिंगमध्ये पासवर्ड बदलून थांबू नका. मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा एखादा नियम कोणी लावून ठेवला आहे का ते पाहा, कारण असा नियम राहिला तर पासवर्ड बदलल्यानंतरही आपली पत्रे दुसऱ्याकडे जात राहतात. लॉगिन असलेल्या उपकरणांच्या यादीतून आणि मेल वाचण्याची परवानगी दिलेल्या अ‍ॅपमधून ओळखीचे नसलेले सर्व काढून टाका. पर्यायी पत्ता म्हणून फार पूर्वी दिलेला, आता कधीच न उघडला जाणारा मेल विशेष धोक्याचा असतो. याहूने २०१३ मध्ये वापरात नसलेले पत्ते नव्या लोकांना देण्यास सुरुवात केली होती. आपला जुना पत्ता असा दुसऱ्याच्या हाती गेला, तर आपल्या खात्याचा दुवाही त्यालाच मिळतो.

मोबाइल क्रमांकावर किती विसंबावे याचा विचार प्रत्येकाने करावा. ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांचा क्रमांक ऑगस्ट २०१९ मध्ये हल्लेखोरांनी आपल्या ताब्यात घेतला आणि त्याच्या आधारे त्यांच्या खात्यावरून संदेश पाठवले. एसएमएसने येणारा ओटीपी मुळीच नसण्यापेक्षा बरा, परंतु दुसरी सोय झाल्यावर सेवा परवानगी देत असेल तर क्रमांक त्या मार्गातून काढून टाकावा. सुरक्षा प्रश्नांची उत्तरे खरी देऊ नयेत. काहीही अर्थ नसलेले शब्द भरून ते पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सर्व पासवर्ड एका मुख्य पासवर्डाखाली कुलूपबंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, जतन करावेत.

आता पासकीकडे वळू. वेबऑथन या नावाने तिचे तांत्रिक मानक मार्च २०१९ मध्ये मान्य झाले. पासकी तयार करताना आपले उपकरण किल्ल्यांची एक जोडी बनवते. सार्वजनिक किल्ली सेवेकडे जाते आणि खाजगी किल्ली आपल्याकडेच राहते. ही जोडी ज्या संकेतस्थळासाठी बनली त्याच्या पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालतच नाही. आज या गुणाला मोठे मोल आहे. फसव्या संदेशातील अशुद्ध भाषेवरून तो ओळखावा हा जुना सल्ला आता पुरत नाही, कारण कृत्रिम बुद्धिमत्ता कोणत्याही हेतूने स्वच्छ भाषा लिहून देते. सहा अंकी ओटीपीसुद्धा बनावट पानावर टाकला, तर तो मुदतीच्या आतच खऱ्या सेवेकडे वळवता येतो. नेहमी पासकी मागणारे पान अचानक पासवर्ड मागू लागले, तर तिथेच थांबावे.

काही वर्षांपूर्वी माझा फोन पडून कायमचा बंद झाला. लॉगिनसाठी दर थोड्या वेळाने नवा कोड दाखवणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप त्यातच होते, आणि अडचणीच्या वेळी वापरण्यासाठी सेवेने आधीच दिलेल्या बॅकअप कोडचे छायाचित्र मी काढले होते तेही त्याच फोनमध्ये. एका महत्त्वाच्या खात्यात परत शिरायला मला अकरा दिवस लागले. पासकीच्या बाबतीतही हीच चूक सहज होते. फोनमधील पासकी बहुधा फोनच्या मुख्य खात्यामार्फत (गूगल किंवा अ‍ॅपलच्या) नव्या उपकरणावर उतरतात, पण त्या मुख्य खात्यात शिरायलाच हरवलेला फोन लागत असेल तर आपण बाहेरच राहतो. म्हणून मुख्य खाते आणि मुख्य ईमेल या दोन ठिकाणी तरी दुसरी पासकी जोडावी, शक्यतो वेगळ्या सुरक्षा किल्लीवर, म्हणजे संगणकाला किंवा फोनला जोडायच्या छोट्या उपकरणावर, आणि ती किल्ली फोनबरोबर बाळगू नये. बॅकअप कोड कागदावर उतरवून दोन वेगळ्या जागी ठेवावेत.

पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड मात्र उरतोच. त्यासाठी फासे टाकून शब्द निवडण्याची पद्धत मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. पाच वेळा फासा टाकला की ७,७७६ शब्दांच्या यादीतील एक शब्द ठरतो; असे सहा शब्द घेतले तर शक्यता २ च्या ७७ व्या घाताहून अधिक होतात. शब्द आपल्या मनाने निवडू नयेत, कारण मग हे गणित लागू पडत नाही. तो पासवर्डही कागदावर लिहून कोडांसोबत ठेवावा आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला ती जागा सांगावी.

एवढे झाल्यावर एक मोकळी दुपार काढून फोन बंद करा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या संगणकावर पूर्वी कधी लॉगिन केलेले नाही, अशा घरातल्याच कुणाच्या संगणकावर खाजगी विंडो उघडा आणि केवळ सुरक्षा किल्ली व कागद यांच्या आधारे आपल्या ईमेलमध्ये शिरून पाहा. जिथे अडाल ती जागा कागदावर नोंदवा, फोन सुरू करून ती त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि वापरलेला बॅकअप कोड खोडून टाका.